न दिसणाऱ्या उन्हाचा आकडा

त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर धाकट्यांची बोलती बंद झाली आणि हा क्षण हातचा जाऊ द्यायचा नाही, एवढंच थोरल्यांना कळलं. पुढे जे रामायण घडलं त्याला हा मोह कारणीभूत आहे. ऊन बिचारं आपल्या जागी होतं.

थोरले आणि धाकटे ही त्यांची खरी नावं नव्हेत. थोरल्यांकडे राहणाऱ्या सासूबाई आपल्या दोन्ही जावयांना अशी हाक मारत. दोघंही एकाच इमारतीत, थोरले दुसऱ्या मजल्यावर आणि धाकटे बरोब्बर त्यांच्या डोक्यावर राहत असल्यामुळे वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांनी तीच नावं उचलली होती. थोरले विमा कंपनीत नुकसानीचा अंदाज घेण्याचं काम करत. जळलेलं दुकान, चेपलेली गाडी, भिजलेला गालिचा, काहीही समोर आणा. थोरले डोळे बारीक करून एक चक्कर मारत आणि आकडा सांगत. आकडा सहसा बरोबर असे. धाकट्यांचं वजनकाट्यांचं दुकान होतं. ते कशासाठीही डोळे बारीक करत नसत. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला यंत्र होतं.

त्यातलंच एक यंत्र त्यांनी गच्चीवर बसवलं होतं. वाऱ्यावर गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या, पाऊस मोजायचं नरसाळं, तापमान, दमटपणा, सगळं त्यात होतं. रोज सकाळी धाकटे त्याचे आकडे छापून लिफ्टशेजारी लावत. लोक तिथं थबकत. "धाकटे, छत्री घेऊ का?" असं विचारत. थोरल्यांची स्वतःची बायकोसुद्धा कपडे वाळत घालण्याआधी म्हणे, "थांबा, वर विचारून येते." ज्या बाईला लग्नानंतर इतकी वर्षं कपडे कधी वाळतात हे समजत होतं, तिला आता विचारून यावं लागत होतं.

थोरल्यांना मत्सर वाटत होता, असं कोणी म्हणू नये. मत्सर ही हलकी गोष्ट आहे. त्या वाट्या फिरताना दिसल्या की त्यांच्या घशाशी आंबट यायचं, इतकंच. ते पित्त असू शकतं.

तर त्या रविवारी सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरांनी गोळ्या बदलल्यात. या चालू आहेत तोवर कडक उन्हात बसू नका म्हणालेत. तापमानाचं नाही, ते दुसरं असतं ना, डोळ्यांना न दिसणारं. अतिनील. त्याचा म्हणे रोज आकडा असतो. तो जास्त असेल तेव्हा गच्चीवर जायचं नाही." मग त्यांनी सवयीनं धाकट्यांकडे मान वळवली. "धाकटे, तुमच्या यंत्रात असेलच तो."

धाकट्यांचा घास हातात राहिला. "नाही, म्हणजे... त्याचा भाग वेगळा मिळतो. आपल्या यंत्रात तो नाही."

टेबलावर शांतता पसरली. ती शांतता थोरल्यांनी जेवणापेक्षा चवीनं खाल्ली. मग घसा साफ करून ते म्हणाले, "मी काढून देतो."

"तुम्ही?" हे त्यांची बायको, मेहुणी आणि सासूबाई अशा तिघी एका सुरात म्हणाल्या. ते त्यांना लागलं.

"त्याला यंत्र कशाला हवं? हवेचा अंदाज घेतला की झालं. सूर्य किती वर आहे, ढग किती आहेत, धूळ किती आहे. नुकसानीचा अंदाज घेतो तसाच हाही घ्यायचा. इथं उन्हानं केलेलं नुकसान."

"साडूभाऊ, अंदाजानं?" धाकटे हसले. मोठं हसू नव्हतं. दोन ग्रॅमचं असेल. पण थोरल्यांना ते क्विंटलभर जड गेलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात थोरल्यांनी कामाला हात न लावता अभ्यास केला. विषय वाटला तितका भोळा नव्हता. सूर्य डोक्यावर असला की अतिनील किरण हवेतून सरळ आणि जवळच्या वाटेनं खाली येतात, तो कलला की लांबच्या वाटेनं येता येता वाटेतच गळतात. वर ओझोनचा थर असतो, तो त्यातले बरेचसे खातो. थर जाड असला की आकडा कमी, पातळ असला की जास्त. धूळ आणि धूर थोडे कापतात. दाट ढग बरेच कापतात. जमीन पांढरी असेल तर किरण खालून परतही येतात. या सगळ्यांचे गुणाकार करायचे. थोरल्यांचे डोळे आपोआप बारीक झाले. हे तर आपलंच काम!

सूर्याची उंची काढायला सोपी युक्ती होती: उभी काठी आणि तिची सावली. त्यांनी घरातला फरशी पुसायच्या मोपचा दांडा काढला, एका रिकाम्या कुंडीत माती भरून रोवला आणि गच्चीत, धाकट्यांच्या यंत्रापासून मानानं चार हात दूर, नेऊन ठेवला. बायकोला मोपचं जे वाटलं ते तिनं बोलून दाखवलं. शास्त्राला घरच्यांचा विरोध नेहमीच होत आलेला आहे.

पण पाठोपाठ सेक्रेटरी वर आले.

"हे काय उभं केलंय?"

"दांडा आहे."

"गच्चीवर कायमचं बांधकाम करता येत नाही. नियम आहे."

"बांधकाम कुठलं, कुंडीत आहे."

सेक्रेटरींनी कुंडीभोवती फेरी मारली. "कुंडीत आहे, म्हणजे झाड धरावं लागेल. झाडांची परवानगी सौंदर्य समिती देते."

"सौंदर्य समितीत कोण आहे?"

"मी," सेक्रेटरी म्हणाले. "पण मी इथं सेक्रेटरी म्हणून आलोय. समितीला रीतसर भेटा."

थोरले जिना उतरले, सेक्रेटरींच्या दारात गेले आणि सौंदर्य समितीला रीतसर भेटले. समितीनं त्यांना चहा विचारला आणि दांड्याला पानं नसल्याबद्दल नाराजी व्यक्त करून परवानगी दिली. "धाकट्यांच्या यंत्राला कुठली परवानगी लागली होती?" थोरल्यांनी सहज विचारलं.

"ते यंत्र आहे हो," समिती म्हणाली.

ओझोनचा आकडा मात्र काठीनं निघत नव्हता. त्यासाठी थोरले अर्धा दिवस रजा टाकून हवामान कचेरीत गेले. खिडकीमागच्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "कोणत्या विभागाकडून?"

"दुसरा मजला."

"कोणत्या खात्याचा?"

"आमच्या इमारतीचा. मला ओझोन हवाय."

आता कारकुनानं मान वर केली. "ही पावसाची खिडकी आहे. ओझोन वर असतो."

"ते मला माहीत आहे," थोरले जरा तोऱ्यात म्हणाले. "बराच वर असतो."

"तिसऱ्या मजल्यावर म्हणतोय मी. जिना डावीकडे."

तिसरा मजला! ओझोनसुद्धा धाकट्यांच्याच मजल्यावर! तिथल्या बाईंनी त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे सांगितलं की हा आकडा रोज जाहीर होतो, घरबसल्या फोनवर दिसतो, त्यासाठी आजवर इथं कोणीही चालत आलेलं नाही. "तुम्ही पहिलेच," त्या म्हणाल्या. थोरल्यांनी घरी आल्यावर एवढंच सांगितलं की तिथल्या मुख्य बाई म्हणाल्या, असं काम करणारे तुम्ही पहिलेच.

इमारतीत बातमी पसरली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी लिफ्टमध्ये गाठून सांगितलं की दात भरताना ते एक निळा दिवा वापरतात, त्यामुळे या क्षेत्रातला त्यांचा अनुभव दांडगा आहे, आणि थोरल्यांची अक्कलदाढ एकदा दाखवून घ्यायला हवी. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी तर वर्ग घेतला.

"ढग मोजायचे ते आठ भागांत. आभाळाचे आठ भाग करा, किती झाकलेत ते पाहा. आणि उंचीचं विसरू नका. जितकं वर जावं तितके हे किरण जास्त."

"म्हणजे वरच्या मजल्यावर जास्त पडतात?" थोरल्यांनी जपून विचारलं.

"तत्त्वतः हो. फरक नगण्य. पण तत्त्वतः धाकट्यांना तुमच्यापेक्षा जास्तच मिळणार."

थोरल्यांनी आजवर धाकट्यांचं मोठं दुकान सोसलं होतं, वरचा फ्लॅट सोसला होता, डोक्यावरचे दाट केस सोसले होते. पण न दिसणारं, अंगाला अपायकारक असं काही फुकट मिळत असतानाही त्यात धाकट्यांनाच वाढून मिळावं, हे फार झालं.

पण आकडा निघू लागला. दुपारच्या जेवणाला घरी यायचं निमित्त करून थोरले सावली मोजत, आभाळाचे आठ भाग करत, हवेतली धूळ बघायला दूरच्या पाण्याच्या टाकीकडे डोळे बारीक करत आणि खाली येऊन गुणाकार मांडत. लिफ्टशेजारी, धाकट्यांच्या छापील कागदाला खेटून, त्यांनी एक पाटी लावली. 'आजचे अतिनील: ६. टोपी घालावी.' पहिल्या दिवशी कोणी पाहिलं नाही. मग हळूहळू लोक पाटीपुढे थबकू लागले. एक दिवस पोहायला जाणाऱ्या पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांना जिन्यात थांबवून विचारलं, "आता जाऊ की चारनंतर?" थोरले "चारनंतर" म्हणाले आणि घरात शिरताना त्यांची छाती दारात अडकेल की काय असं वाटलं.

सगळ्यात गोड गोष्ट म्हणजे सासूबाई. रोज चहा घेताना त्या विचारत, "थोरले, आज किती?" आकडा कमी असला की खुर्ची घेऊन गच्चीवर जात, जास्त असला की खिडकीशी बसत. एकदा धाकट्यांच्या देखत त्या म्हणाल्या, "या वयात एवढा अभ्यास! डोकं लागतं त्याला." धाकटे हसले, पण त्या हसण्याचं वजन बरंच घटलं होतं. थोरल्यांनी त्या दिवशी गच्चीवर जाऊन गरगर फिरणाऱ्या वाट्यांकडे जवळजवळ मायेनं पाहिलं. घशाशी काही आलं नाही. पित्तच होतं ते.

हे सुख पुरतं मुरायच्या आत धाकट्यांनी तो भाग मागवला.

तो आला तेव्हा थोरले जिन्यातच होते. बोटभर उंचीची डबी, तिच्यावर दुधी काचेचा छोटा घुमट. धाकट्यांनी तो यंत्रावर बसवला, पुसला, आणि म्हणाले, "आता तुमची धावपळ वाचली, साडूभाऊ. ओझोन, धूळ, ढग, काही बघायला नको. जे खाली पोचतं ते थेट मोजतो हा."

"ढगाळ दिवशी बघू," थोरले म्हणाले. काहीतरी म्हणायला हवं होतं. "ढगांचं गणित यंत्राला जमत नाही. मी तर ढग दिसले की आकडा सरळ निम्म्याच्या खाली आणतो." हे त्यांनी ठणकावून सांगितलं. तितकं ते खरं नव्हतं. दाट ढगांना ते लागू होतं, विखुरलेल्या पांढऱ्या ढगांना नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण साडूशी बोलताना कोणी तळटिपा देत नाही.

आणि नेमका तेव्हाच इमारतीचा क्रीडादिन आला. मागच्या मैदानावर पोती घालून शर्यत, लिंबू-चमचा, रस्सीखेच, आणि शेवटी बक्षिसं. बक्षिसं द्यायला सासूबाई. मैदानात झाड म्हणून नव्हतं. मोठं कापडी छत बांधायचं तर अर्धी इमारत कामाला जुंपावी लागायची. सेक्रेटरींना काम टाळायला आकडा हवा होता. त्यांनी आदल्या दिवशी दोन्ही जावयांना गाठलं. "संध्याकाळपर्यंत लिफ्टपाशी लिहा, उद्या दुपारी किती असेल. पाचाच्या वर असेल तर छत आणि टोप्या. खाली असेल तर काही नको. दोघांनीही लिहा. पारदर्शक कारभार."

त्या दुपारी थोरले गच्चीवर गेले. आभाळात कापसाचे पुंजके पसरले होते, मध्येमध्ये लख्ख निळं. सावली आखूड, दांड्याच्या पायाशी गोळा झालेली. धूळ थोडी. ओझोन बेताचा. सूर्य ढगांच्या फटीतून सरळ खाली येत होता, आणि असे विखुरलेले ढग ऊन अडवणं सोडाच, आपल्या पांढऱ्या कडांवरून थोडं आणखी खाली ढकलतात, हे त्यांनी वाचलं होतं. त्यांनी गुणाकार दोनदा केला आणि जेवायला बसताना बायकोला सांगितलं, "नऊ पूर्णांक एक. उद्याही आभाळ असंच राहणार. छत बांधावं लागेल."

"बांधा की मग," बायको म्हणाली. "आईला कोपऱ्यात बसवा."

संध्याकाळी ते खडू घेऊन खाली गेले. धाकट्यांचा कागद आधीच लागला होता. 'उद्याचे अतिनील: ४.'

चार! थोरल्यांच्या पायाखालची फरशी सरकली. दुधी घुमटाची, बोटाएवढी, नवीकोरी डबी, जे खाली पोचतं ते थेट मोजणारी, ती चार म्हणते. आणि आपण नऊ लिहायचे? लोक दोन्ही आकडे शेजारी बघतील. उद्या ऊन चारचं निघालं की अर्ध्या इमारतीनं बांधलेलं छत आपल्या नावानं फडफडत राहील. धाकटे ते दोन ग्रॅमचं हसू हसतील. सासूबाई म्हणतील, अंदाज तो अंदाजच.

ते पुन्हा गच्चीवर गेले. सूर्य कलला होता, पण ढग होतेच. आता बारकाईनं पाहिलं तर दुपारी वाटले त्यापेक्षा ते जास्त दिसत होते. क्षितिजावरची ती पांढरट रेघ, तिला ढग का म्हणू नये? विमानामागे राहिलेला पट्टाही तत्त्वतः ढगच. त्या दोन पुंजक्यांमधली निळी जागा म्हणजे फार पातळ ढग नसेल कशावरून? असं करत करत आभाळाचे आठातले सहा भाग झाकले गेले. आणि सहा भाग झाकल्यावर आकडा निम्म्याच्या खाली आणावाच लागतो. तसं त्यांनी जाहीर केलं होतं, माणसानं शब्दाला जागायला हवं. आकडा घसरत घसरत तिनावर आला. तीन त्यांना आवडला. चाराशी जुळणारा, पण चारापेक्षा बारीक. यंत्राला दिसलं नाही ते अंदाजाला दिसलं, असं सांगणारा.

त्यांनी पाटीवर लिहिलं: 'उद्याचे अतिनील: ३. टोपीची गरज नाही.'

सेक्रेटरींनी दोन्ही आकडे वाचून हात जोडले. सासूबाईंना बातमी लागली. "दोघांचं एकमत झालं?" त्यांना भरून आलं. "मग छत्रीही नको बाई उद्या."

रविवारी मैदान आखून झालं होतं. चुन्याच्या जाड पांढऱ्या रेघा, पांढरी कोरडी माती, वर कापसाचे पुंजके आणि त्यांच्या फटीतून ऊन. वारा गार होता, त्यामुळे कोणाला काही कळत नव्हतं. पोत्यांची शर्यत झाली, लिंबं पडली, रस्सीखेचीत दंतवैद्य तोंडावर पडले आणि स्वतःचे दात मोजून उठले. सगळे बोडक्या डोक्यानं, उघड्या हातांनी, मजेत. मैदानाच्या मध्यावर टेबल मांडलेलं, टेबलामागे खुर्ची, खुर्चीत सासूबाई, अर्ध्या बाह्यांच्या कपड्यात, हसतमुख.

थोरले खाली बघत होते. त्यांची सावली पायातल्या बुटांपुरती उरली होती. डोकं जणू कोणी इस्त्रीखाली धरलं होतं. त्यांनी दंतवैद्यांची मान पाहिली, ती गुलाबी होती. मास्तरांची टाळू पाहिली, ती लाल होती. नऊ. नऊ पूर्णांक एक. आपला आकडा. बरोबर होता आपला आकडा! क्षणभर त्यांना भयंकर आनंद झाला, आणि लगेच आठवलं की हा आनंद कोणालाही सांगता येणार नाही. लिफ्टपाशी तीन लिहिलेत.

मग त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या हातांवर, कोपराच्या खाली, रंग चढू लागला होता. त्या एका हातानं दुसरा हात चोळत होत्या.

आता उठून ओरडायला हवं होतं: अहो, यांना सावलीत न्या. पण ओरडलं की कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं की धाकटे उभे राहून म्हणणार, माझे निदान चार होते. एवढ्याशा एका आकड्यासाठी थोरले खिळून बसले, आणि कितीही वेळ बसले असते. पण सासूबाईंनी हात झटकून त्यावर फुंकर घातली. ती फुंकर थोरल्यांना बघवली नाही.

ते उठले आणि धावले. वाटेत 'क्रीडादिनी सर्वांचे स्वागत' लिहिलेलं लांबलचक कापड दोन खांबांना बांधलं होतं. ते त्यांनी ओढून काढलं. खांबही आला, तो त्यांनी वाटेतच सोडला. कापड डोक्यावर धरून ते टेबलापाशी पोचले आणि तिथं कशावर तरी जोरात आदळले.

ते धाकटे होते. तेही पलीकडून धावत आले होते, टेबलावरची चादर ओढून. चषक मातीत गडगडले. दोघं कपाळं धरून एकमेकांकडे बघत राहिले.

"काय झालं?" सासूबाई दचकल्या.

"ऊन," दोघं म्हणाले.

"तीनच आहे ना?"

एकानं कापडाचं एक टोक धरलं, दुसऱ्यानं दुसरं, आणि दोघं सासूबाईंच्या डोक्यावर ते ताणून उभे राहिले. त्यांना घरी न्यावं तर त्या ऐकेनात. "बक्षिसं झाल्याशिवाय उठणार नाही," त्या म्हणाल्या. आणि बक्षिसं पुष्कळ होती. प्रत्येक शर्यतीत तीन, शिवाय उत्तेजनार्थ, शिवाय सेक्रेटरींचं भाषण. दोन्ही जावई हात वर करून, बोडक्या डोक्यानं, सासूबाई सावलीत आणि स्वतः भर उन्हात, असे तिष्ठत राहिले. हात खाली घ्यायचा विचार दोघांच्याही मनात आला असेल, पण आधी कोण घेणार? थोरले धाकट्यांच्या हाताकडे बघत होते आणि धाकटे थोरल्यांच्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "जावई असावेत तर असे!" कोणीतरी म्हणालं. थोरल्यांना बरं वाटलं, आणि लगेच वाईट वाटलं. 'असे' हे अनेकवचन होतं.

दुपारी इमारतीतल्या प्रत्येक घरात थंड पाण्याच्या पट्ट्या चालू होत्या. डॉक्टर येऊन सासूबाईंना बघून गेले. हात थोडे लालसर झालेत, दोन दिवस जपा, बाकी वेळेवर सावली मिळाली म्हणून निभावलं, असं म्हणाले. सासूबाई आतल्या खोलीत पडल्या पडल्या म्हणाल्या, "दोघांचं एकमत झालं तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती."

बाहेरच्या खोलीत थोरले आणि धाकटे समोरासमोर बसले होते. दोघांच्या माना, कान, नाक टोमॅटोच्या रंगाचे. गालांवर काकडीच्या चकत्या. हात इतका वेळ वर धरल्यानं खांद्यांतही गोळे आले होते. धाकट्यांच्या गालावरची एक चकती घसरली, तसं निमित्त साधून ते म्हणाले, "साडूभाऊ, एक विचारू? तुमचा तर तीन होता. मग तुम्ही का धावलात?"

"तुमचा चार होता. तुम्ही का धावलात?"

धाकट्यांनी चकती पुन्हा गालावर चिकटवली. ती राहिली नाही. "चार नव्हता माझा," ते हळूच म्हणाले. "यंत्र काल दुपारी जास्त दाखवत होतं. खूप जास्त. पण आभाळात ढग. तुम्ही म्हणाला होतात, ढगांचं गणित यंत्राला जमत नाही, ढग दिसले की तुम्ही आकडा निम्म्याच्या खाली आणता. म्हटलं, तुम्ही तीन-चार लिहिणार आणि मी नऊ लिहिले तर सगळी इमारत त्या डबीला हसेल. म्हणून मग..."

थोरले बघत राहिले. आपल्या तोंडून गेलेल्या एका फुशारकीपायी, जे खाली पोचतं ते थेट मोजणारं यंत्र गप्प बसवलं गेलं होतं. आणि त्या गप्प बसवलेल्या यंत्राला घाबरून त्यांनी स्वतःचा बरोबर आकडा मारून टाकला होता. धाकटे त्यांना घाबरत होते! इतकी वर्षं वरच्या मजल्यावर राहून खालच्या मजल्याला घाबरत होते. आयुष्यात प्रथमच त्यांना या माणसाला जवळ घ्यावंसं वाटलं. पण दोघांच्या कातडीला हात लावायची सोय नव्हती.

"माझाही तीन नव्हता," ते म्हणाले. "तुमचा चार पाहिला आणि माझा धीर सुटला."

धाकटे हसले. थोरलेही हसले. हसताना दोघांचेही गाल ताणले आणि दोघंही "आई गं" म्हणाले. आतून सासूबाई "काय झालं?" म्हणाल्या आणि दोघंही "काही नाही" म्हणाले. खरंच, घर कसं भरल्यासारखं वाटत होतं.

"किती दाखवत होतं यंत्र?" थोरल्यांनी प्रेमानं विचारलं.

"नऊ पूर्णांक चार," धाकटे म्हणाले. "बरोब्बर नऊ पूर्णांक चार. तुमचा अंदाज कुठवर गेला होता?"

प्रश्न अगदी साधा होता. विचारताना धाकट्यांच्या आवाजात काही नव्हतं, असलाच तर थोडा आपलेपणा. पण 'अंदाज' म्हणताना त्यांच्या ओठाचा डावा कोपरा किंचित वर गेला. कदाचित भाजल्यामुळे गेला असेल.

"नऊ पूर्णांक चार," थोरले म्हणाले.

धाकट्यांच्या चेहऱ्यावरच्या उरलेल्या चकत्या एकेक करून गळून पडल्या. "चार? पूर्णांक चारच?"

"पूर्णांक चारच."

"त्या मोपच्या दांड्यानं?"

"दांडा हे निमित्त हो. नजर लागते."

बसल्या जागी धाकट्यांनी दोनदा मान हलवली, मग उठले, दारापर्यंत गेले, वळून थोरल्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं, त्या दोन साध्या, बारीक केलेल्या डोळ्यांकडे, आणि त्यांच्या नजरेत थोरल्यांना जे दिसलं त्याची ओळख पटायला वेळ लागला नाही. ते घशाशी येणारं आंबट होतं. जिना चढताना त्यांची पावलं जड वाजत होती. वर गेल्यावर गच्चीचं दार उघडल्याचाही आवाज आला.

थोरले खुर्चीत मागे रेलले. मान भाजत होती, खांदे ठणकत होते, आणि त्यांना इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारात बायको काकडी चिरायची सुरी हातात घेऊन उभी होती. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे.

"अहो," ती म्हणाली, "काल जेवताना तर नऊ पूर्णांक एक म्हणाला होतात."

थोरल्यांनी डोळे मिटून घेतले.

"जेवणानंतर ओझोन जरा पातळ झाला," ते म्हणाले.